विहिरीच्या पाण्यातली डाळ

शेजारी तुरीची डाळ रटरटत असली की तो वास मला राहात्याच्या एका दुपारकडे नेतो. लढाईचे दिवस होते, सरपणसुद्धा मुश्किलीने मिळायचं. अण्णांच्या बदल्यांमागे बिऱ्हाडं हलवून आई थकून गेली होती, आणि आता कायमचं म्हणून आम्ही दोन घरं बघायला गेलो होतो. एक पेठेतलं, बुटकं, अंधारं, तेलाच्या घाण्याला लागून. दुसरं गावाबाहेरचं, मोठ्या खिडक्यांचं. तिथली पूर्वेची खोली मला फार हवी होती, पण मी तसं बोलले नाही.

आईने घरून डाळ आणली होती. विहिरीचं पाणी जड असलं तर डाळ शिजत नाही, म्हणून घर घेण्याआधी ती त्याच पाण्यात शिजवून बघायची तिची रीत. पेठेतल्या घरी सकाळीच डाळ मऊ झाली होती. इथे तिने अंगणात तीन दगड मांडून पातेलं चढवलं.

“वहिनी, घर घ्याया आलाय का सैपाक कराया?” मालक हसले.

“घेतल्यावर तोच करायचाय,” आई म्हणाली.

ऊन कललं तरी डाळ टणकच. अण्णांनी टोपी घातली. आई उठून पूर्वेच्या खोलीत गेली, खिडकीशी बराच वेळ उभी राहिली आणि परत येऊन मला म्हणाली, “आणखी एखादं लाकूड मिळतंय का बघ गं.”

तेव्हा मला तो तिचा हट्ट वाटला. ती डाळ शिजावी असं माझ्याइतकंच तिलाही वाटत होतं, हे आता कळतं. लाकूड मिळालं नाही. आम्ही पेठेतलं घर घेतलं.