ॲडमिशनचं कळू दे

सबीहा नर्स व्हायला निघाली ती कुठल्या थोर विचाराने नव्हे, वैतागून. दोह्यात मुऐदर भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनच्या टेबलामागे तिची कितीतरी वर्षं गेली होती. गाल धरून आलेला माणूस पहिल्यांदा तिलाच विचारायचा, सूज कधी उतरेल, गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर. उत्तर तिला पाठ असायचं, पण ते द्यायची मुभा नव्हती. ‘सिस्टरना विचारा’ हे मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत म्हणून म्हणून तिची जीभ विटली होती. खेडच्या कॉलेजात बारावी सायन्सला तिला बरे मार्क होते. पण निकाल लागला आणि पाठोपाठ दिलावरचं स्थळ आलं. मुलगा दोह्याला नोकरीला, म्हटल्यावर पुढच्या शिक्षणाचा विषय घरात कुणी काढलाच नाही. तिनेही नाही.

म्हणून रमजान ईदनंतर एका संध्याकाळी इनायाने, म्हणजे तिच्या नववीतल्या मुलीने, कम्युनिटी कॉलेजच्या नर्सिंग कोर्सची जाहिरात मोबाईलवर दाखवली आणि वयाची अट नाही असं वाचून दाखवलं, तेव्हा सबीहाने फार विचार केला नाही. आठवड्याभरात अर्ज भरून टाकला. कुणाला सांगायचं नाही असं तिच्या मनात होतं. पण जुन्या मार्कशीटवर सरकारी शिक्के आणायला दिलावरला पाठवावं लागलं, आणि तिथेच घात झाला.

दिलावर माणूस सोन्यासारखा. एसीचे पार्ट विकणाऱ्या कंपनीत स्टोअरकीपर होता. गोदामातला एक स्क्रूही त्याच्या नजरेतून सुटत नसे, पण पोटात गोष्ट काही टिकत नसे. त्यातून बायकोचा त्याला अभिमान. शुक्रवारी नमाजानंतर मशिदीबाहेर आपली रत्नागिरी-रायगडची मंडळी उभी असतात, त्यांना त्याने सांगितलं की मिसेस नर्सिंगला जातेय. अर्ज केलाय असं नाही, जातेय.

ते राहायचे त्या व्हिलाचे मालकाने भिंती घालून चार भाग केले होते. चार बिऱ्हाडं आणि फाटक एक. त्यामुळे शुक्रवारी दुपारी जेवणं होईपर्यंत बातमी चारही घरांत पोचली, आणि संध्याकाळी फाटकालगतच्या खोलीतले शफीकचाचा चप्पल काढून दारात उभे राहिले. चाचा म्हसळ्याचे, सूक वाकिफच्या जुन्या बाजारात मसाल्याच्या दुकानात हिशेब लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, आणि साखरेचा जुना आजार. त्यांनी पाय पुढे केला आणि अंगठ्याजवळची भेग दाखवली.

सबीहाने त्यांना समजावलं की चाचा, मी नुसता अर्ज केलाय, हे डॉक्टरला दाखवा. चाचांनी मान डोलवली, म्हणाले, ते खरंच, पण होणारच आहेस ना तू नर्स, बघायला काय हरकत आहे. दुसऱ्या दिवशी शेजारची माहिरा थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन आली. मागच्या घरातल्या बाईंनी रस्त्यात गाठून गुडघ्याचं विचारलं. दवाखान्यात निदान सिस्टरकडे बोट तरी दाखवता येई. इथे कुणाकडे दाखवणार?

कॉलेजच्या वेबसाइटवर रोज एकच पिवळी पट्टी दिसायची: अर्ज विचाराधीन आहे. जूनअखेर कळेल असं लिहिलं होतं. जून संपला आणि पट्टीने रंगसुद्धा बदलला नाही. खेडहून सासूबाईंचा, हजराबींचा, एक दिवसाआड फोन यायचा. “काय झाला गो, लागला काय तुजा नंबर?” सबीहा म्हणायची, नाही अजून. मग त्या एक लांब ‘बरा’ म्हणायच्या. त्या ‘बरा’मध्ये गावातल्या किती जणींना त्यांनी आधीच सांगून ठेवलंय ते ऐकू यायचं.

खरा त्रास मात्र घरातच होता. घरातलं प्रत्येक काम आता एकाच खुंटीला टांगलं गेलं होतं. बेडरूमचा एसी गळत होता. दिलावर, खुद्द एसीच्या कंपनीतला माणूस, म्हणाला, ॲडमिशनचं कळू दे, मग बघू, कदाचित कॉलेजजवळ घर घ्यावं लागेल. नणंदेच्या मुलीचं लग्न जुलैत होतं. तिकिटं काढायची का, तर ॲडमिशनचं कळू दे, मध्येच इंटरव्ह्यू लागला तर? तिकिटं निघालीच नाहीत, इंटरव्ह्यूही लागला नाही, आणि लग्न त्यांनी मोबाईलवर पाहिलं, तेही अर्धं. नवरी मंडपात येते तोच तिकडची लाईट गेली. इनायाला कराटेचा क्लास लावायचा होता, तिलाही तेच उत्तर. पोरगी म्हणाली, “मम्मा, धिस इज नॉट फेअर.” सबीहाला तिचं पटलं, पण बोलायचं कुणाला?

शेवटी एका सकाळी सुट्टी काढून ती कॉलेजच्या ऑफिसात गेली. काउंटरवरच्या तरुणाने हसून विचारलं, मुलीचा अर्ज क्रमांक काय. सबीहा म्हणाली, अर्ज माझा आहे. तो ‘माशाल्ला’ म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये बघितलं, आणि म्हणाला की मार्कशीटवर नाव वेगळं आणि पासपोर्टवर वेगळं, म्हणून अडलंय. मार्कशीटवर होतं सबीहा अब्बास चौगुले, पासपोर्टवर सबीहा दिलावर परकार. लग्नाआधीचं नाव आणि नंतरचं. तिने शांतपणे सांगितलं की निकाहनाम्याचं भाषांतर दोनदा अपलोड केलंय. त्याने आणखी शोधलं, आणि ते सापडलंही, दोन्ही वेळचं. म्हणाला, मग तर सगळं ठीकच आहे, याच आठवड्यात होईल, इन्शाल्ला.

इन्शाल्ला हा शब्द सबीहा लहानपणापासून श्रद्धेने म्हणत आली होती. त्या दिवशी पार्किंगच्या तापलेल्या डांबरावरून चालताना तिला पहिल्यांदाच त्या शब्दाचा राग आला, आणि राग आला म्हणून तिने मनातल्या मनात तौबाही केली. तो आठवडा गेला. त्याच्या पुढचाही गेला.

आणि मग एका रविवारी सकाळी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, ती दवाखान्यात पोचली तर तिच्या टेबलाशेजारी दुसरी खुर्ची मांडलेली, आणि खुर्चीवर एक तरुण मुलगी. सांगलीची अनुजा. नवरा आयटीत, दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला. ती उठून उभी राहिली आणि मराठी ऐकून तिचा चेहरा उजळला. म्हणाली, “सबीहाताई, डॉक्टर म्हणाले तुम्ही मला सगळं शिकवाल. तुम्ही कॉलेजला जाताय ना, म्हणून मला घेतलंय.”

सबीहाने पर्स ड्रॉवरमध्ये ठेवली. नेहमीच्या कप्प्यात अनुजाचा डबा होता.

त्या दिवशी तिने अनुजाला अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर शिकवलं, इन्शुरन्सच्या कार्डावर काय बघायचं ते दाखवलं, रडणाऱ्या पोराला आत नेताना आईला आधी आत पाठवू नये तेही सांगितलं. स्वतःच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवायला इतक्या नीट शिकवणारी बाई आपणच, हे मनात येऊन तिच्या कपाळावरची शीर उडत होती. बरं, पोरीवर चिडावं तर तीही सोय नव्हती. अनुजा हुशार होती, आणि दर वाक्याला थँक्यू म्हणत होती.

घरी आल्यावर तिने बुरखाही उतरवला नाही. दिलावर चहा पीत होता.

“डॉक्टरांना काय सांगितलंत तुम्ही?”

“मी कुठे काय सांगितलं? त्यांचा ड्रायव्हर भेटला मशिदीबाहेर. त्याला म्हटलं, ऑगस्टपासून मिसेसला जमणार नाही, कॉलेज आहे. माणसाने आधी कल्पना दिलेली बरी, ऐन वेळी त्यांची पंचाईत नको.”

“त्यांनी दुसरी मुलगी आणून बसवलीय माझ्या जागेवर.”

दिलावरने कप खाली ठेवला.

“कॉलेजात मला अजून घेतलेलं नाही,” सबीहा म्हणाली, “आणि तुमच्या कृपेने दवाखान्यात आता ठेवणार नाहीत. मग मी आहे कोण, ते तरी एकदा मशिदीबाहेर विचारून या.”

ती आवाज चढवून बोलली नव्हती. दिलावरला ओरडणारी सबीहा ठाऊक होती. ही ठाऊक नव्हती. त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला की यापुढे तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय एक शब्द बाहेर काढणार नाही. सबीहा म्हणाली, “माझ्या तोंडून ऐकलात तरी काढायचा नाही.” त्याने कानाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी ती थेट डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. डॉक्टर मिसरी, म्हणजे इजिप्तचे, वयस्क, मनाने वाईट नव्हते. तिने इंग्रजीतच सांगितलं की मी राजीनामा दिलेला नाही. देईन तेव्हा तो माझ्या हातून तुमच्या हातात येईल, ड्रायव्हरच्या हातून नाही. डॉक्टर ओशाळले. पण अनुजाला आता जा म्हणणंही त्यांना जमेना. शेवटी ठरलं ते असं की सकाळची पाळी अनुजाची, संध्याकाळची सबीहाची. आपलीच अर्धी नोकरी आपल्याला मेहेरबानी म्हणून परत मिळाल्यासारखं तिला वाटलं. तिने अरबीत ‘शुक्रन’ म्हणून आभार मानले आणि बाहेर येऊन पाण्याचे दोन ग्लास रिकामे केले.

त्यानंतर सकाळ मोकळी राहू लागली. एसीचा मेकॅनिक तिने स्वतः बोलावला. इनायाचं कराटे सुरू करून दिलं. कुणी ‘ॲडमिशनचं कळू दे’ म्हणालं की ती म्हणायची, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

ऑगस्टच्या मध्यावर, भाकरी तव्यावर असताना, इनाया फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. “मम्मा, यू गॉट इन.” सबीहाने गॅस बंद केला, हात धुतले, पुसले आणि स्वतः वाचलं. मग पुन्हा वाचलं. पहिल्यांदा आला तो संतापच. चार ओळींचं पत्र. हे लिहायला यांना इतके महिने लागले? मग ती तिथेच पिठाच्या डब्यावर बसली आणि इनायाला जवळ ओढून घेतलं. भाकरी एका बाजूने कच्चीच राहिली. रात्री ती तशीच दिलावरच्या ताटात गेली, आणि तो काही न बोलता खाऊ लागला तेव्हा तिने त्याला सांगितलं. त्याचे डोळे भरून आले. घास गिळून त्याने विचारलं, “अम्मीला सांगू?”

“नाही. कुणालाच नाही. फी भरून, आयडी हातात येऊन, वर्गात बसेपर्यंत नाही.”

आणि नवल असं की दिलावरने शब्द पाळला. नुसता पाळला नाही, त्याने त्याचा अतिरेक केला. सबीहा वर्गात बसली, आयडी गळ्यात आला, एक आठवडा गेला, तीन गेले, तरी तो गप्पच. शुक्रवारी मशिदीबाहेर कुणी विचारलं तर आकाशाकडे बघायचा. त्याचं ते बघणं पाहून मंडळींनी जे समजायचं ते समजून घेतलं. नंबर लागला नाही, बिचारी. वर दवाखान्यात सकाळची पाळीही गेली, म्हणून आता सकाळी दुसरीकडे कुठे कामाला जाते.

मग सांत्वन सुरू झालं. माहिराने तिला फाटकात थांबवून सांगितलं की जे होतं ते भल्यासाठीच. शफीकचाचांनी त्यांच्या पुतण्याची गोष्ट सांगितली, पोलीस भरतीत तीनदा नापास झाला आणि आता म्हसळ्यात त्याचं चिकन सेंटर काय जोरात चालतंय. सासूबाईंनी नंबराचं विचारणं सोडलं, फोनवर म्हणाल्या, “नशिबात नसला तर काय करायचा. जेवतेस ना गो नीट?” सबीहाला काही सांगता येईना. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर सोपं होतं. आता महिना होत आल्यावर आपल्याच तोंडाने कसं काढायचं?

“आता तरी सांगा ना,” एका रात्री ती दिलावरला म्हणाली.

“मी नाही,” तो म्हणाला. “पहिल्या परीक्षेचा निकाल लागू दे, मग बघू.”

तिने त्याचा चेहरा निरखला. तो थट्टा करत नव्हता. खरोखर घाबरला होता.

शेवटी एका गुरुवारी सकाळी ती कॉलेजच्या निळ्या गणवेशात बाहेर पडली. प्रॅक्टिकल सुरू झालं होतं, गणवेश सक्तीचा होता. फाटकात शफीकचाचा होते. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मायेने विचारलं की हे कुठल्या कंपनीचं, क्लीनिंगचं काम आहे का.

“नर्सिंग कॉलेजचा ड्रेस आहे, चाचा. महिना झाला मला जाऊन.”

चाचांनी गणवेश पुन्हा एकदा पाहिला. मग हळूच म्हणाले, “महिना झाला? आणि आम्ही परके?”

शुक्रवारचा अभ्यास सगळ्यांचे रुसवे काढण्यातच गेला. शनिवारभर पाठ करून रविवारी हाताच्या हाडांवर टेस्ट द्यायची होती, आणि सबीहा शेवयांची खीर घेऊन एकेका दारात उभी होती. माहिराने दार उघडलं, पण या म्हणाली नाही. मागच्या घरातल्या बाई म्हणाल्या, आम्ही काय नजर लावली असती? खेडच्या फोनवर तर सासूबाई रडल्याच, आनंदाने की रागाने ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण मध्ये त्यांनी दिलावरला द्यायला सांगितलं आणि त्याला जे ऐकवलं ते फोन कानापासून लांब धरूनही खोलीभर ऐकू येत होतं.

शफीकचाचांनी खीर घेतली, चमच्याने चाखली, साखर जास्त आहे म्हणाले आणि वाटी रिकामी केली. सबीहाने त्यांना साखरेवरून बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि पुस्तक उघडायला घरी गेली.