काळ्या जहाजांचा कमांडर

लेकीनं शाळेतून आल्या आल्या सांगितलं, "नाटकात मी अमेरिकन कमांडर आहे," आणि माझं डोकंच फिरलं.

नाटक होतं काळ्या जहाजांचं. जपाननं परदेशी लोकांना जवळजवळ दारबंदी केली होती, तेव्हा अमेरिकेचं आरमार तोफा घेऊन एदोच्या खाडीच्या तोंडाशी आलं आणि व्यापारासाठी दार उघडा म्हणून अडून बसलं, ती गोष्ट. इथे जपानात सहावीतल्या पोरांना ती तोंडपाठ असते. वर्गात एवढी मुलं, आणि बाहेरून आलेला माणूस कोणी व्हायचं, तर माझ्या मुलीनं! पुण्याहून इथे ओजिमाला राहायला आलो तेव्हा ती तीन वर्षांची होती. तिला स्वप्नंसुद्धा जपानीत पडतात. मराठीत ती फक्त माझ्याशी भांडते.

"उद्याच येते मी शाळेत," मी म्हटलं.

"आई, असं डायरेक्ट नाही जायचं. रेनराकुचोत लिही ना."

रेनराकुचो म्हणजे शाळा आणि घर यांच्यातली निरोपाची वही. तीत लिहायचं, उत्तराची वाट बघायची, मग दिलेल्या वेळेला जायचं. पण मला जपानी लिहिता कुठे येत होतं? नऊ वर्षं मी निशी-कसाई या भारतीयांच्या वस्तीतल्या दुकानांत हिंदीवर आणि मैत्रिणींत मराठीवर काढली होती. कोपऱ्यावरच्या कोम्बिनी दुकानात पिशवी नको एवढं सांगता यायचं. दवाखाना, पोस्ट, वॉर्ड ऑफिस, सगळीकडे लेक पुढे आणि मी तिच्या मागे. नवरा म्हणाला, "पुढच्या आठवड्यात हाफ डे घेतो, मी बोलतो." पुढच्या आठवड्यापर्यंत दम धरणाऱ्यातली मी नव्हे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला मी जाऊन धडकले. बुटांच्या कपाटांपाशी उपमुख्याध्यापक लगबगीनं आले, पाहुण्यांच्या सपाता पुढे ठेवल्या आणि वाकून वाकून काहीतरी समजावू लागले. त्यातलं रेनराकुचो तेवढं कळलं. मी जागची हलले नाही. शेवटी त्यांनी वर्गाच्या बाईंना बोलावलं आणि मागोमाग लेक आली.

मी मराठीत सुरू झाले. माझी मुलगी इथलीच आहे, तिचा रंग बघून तुम्ही तिला परकी ठरवलीत, ही भूमिका बदला, नाहीतर ती नाटकात नसेल. चांगली पाच मिनिटं बोलले. लेक खाली बघत ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं पाठ ताठ केली, हात पुढे जुळवले आणि जपानीत दोन वाक्यं म्हटली. बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी मला वाकून नमस्कार केला, उपमुख्याध्यापकांनीही केला, आणि मला कळायच्या आत मी फाटकाबाहेर होते.

"काय सांगितलंस त्यांना?"

"आईला नाटकाचा खूप आनंद झालाय. ती नक्की बघायला येणार आहे."

माझा तिळपापड झाला. रस्त्यातच तिला उभी केली. "मी काय बोलले आणि तू काय सांगितलंस?"

"कारण ती भूमिका मीच मागितली!" ती ओरडली. "जानकेन केलं सगळ्यांनी. मी जिंकले. फर्स्ट चॉइस माझा होता. सेन्सेई म्हणाली, दुभाष्या हो, तुला छान जमेल. मी नको म्हटलं."

जानकेन म्हणजे दगड-कागद-कात्री. इथल्या शाळांत निम्मे निर्णय त्यावर होतात. रंगाचा संबंधच नव्हता, तो मीच घरून घेऊन गेले होते.

"मग दुभाष्या का नको?"

"कमांडर नुसता बोलतो, आई. त्याचं बोलणं दुसरं कोणीतरी सांगतं. मी रोज सांगते. तुझं डॉक्टरला, डॉक्टरचं तुला. चिडलीस तर तेपण मलाच सांगावं लागतं." मग डोळे पुसत म्हणाली, "आणि काळ्या जहाजांनापण सांगितलं होतं, इथे नाही, परदेशी जहाजांसाठी नागासाकी आहे, तिकडे जा. त्यांनीपण ऐकलं नाही."

मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. हौसेनं मागून घेतलेली तिची एकुलती एक गोष्ट मी काढून घ्यायला निघाले होते, आणि तेही तिच्याच तोंडून.

नाटकाच्या दिवशी मी पुढच्या रांगेत बसले. खांद्यावर सोनेरी कागदाच्या पट्ट्या लावून लेक पुठ्ठ्याच्या जहाजावर उभी होती. आपलं वाक्य ठणकावून म्हटलं आणि हात मागे बांधून निवांत थांबली. खाली छोट्या होडीतली मुलगी तिचं बोलणं घाईघाईनं किनाऱ्यावर सांगत होती. लेकीला इतकी मोकळी उभी राहिलेली मी कधी पाहिलीच नव्हती. मला रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला.

सोमवारी वॉर्ड ऑफिसच्या जपानी वर्गात नाव घातलं. शिकवायला निवृत्त आजोबा होते, आणि मी वर्गातली सगळ्यात मठ्ठ. पण एकही तास बुडवला नाही. स्वयंपाकघराच्या टाइलवर अक्षरं चिकटवली, भाजी चिरताना घोकली.

फेब्रुवारीत रेनराकुचोत मीच लिहिलं, हिरागाना या सोप्या लिपीत, वाकडंतिकडं: मुलीच्या पुढच्या शाळेबद्दल बोलायचं आहे, कधी येऊ? बाईंचं उत्तर आलं, गुरुवारी चार वाजता.

गुरुवारी मी निघाले तर लेक दारात बूट चढवत होती.

"तू कुठे?"

"तुझ्याबरोबर. बोलायला."

"मी बोलेन."

"तुला नाही जमणार, आई."

"नाही जमलं तर परत वहीत लिहीन. परत जाईन."

ती एकच बूट घातलेल्या पायावर तशीच उभी राहिली. "मग मी काय करू?"

"खेळायला जा," मी म्हटलं.