सुनेच्या तीन सीड्या

घरचे चालू असलेले बारा यंत्रमाग एका झटक्यात बंद करणारी बाई बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीत मी एकटीच. या गोष्टीला वीसेक वर्षं झाली, पण नातवंडं अजून हसतात. हसू देत. मला तेव्हा अक्कल बेताचीच होती आणि आवाज मात्र भारी.

सून नवी होती, येऊन महिनाही झाला नव्हता. निपाणीहून तिनं साड्यांच्या तळाशी एक डबी आणली होती, परदेशात नोकरी करणाऱ्या तिच्या भावानं दिलेली. आत तीन सीड्या, वर दात काढून हसणारं पिवळं तोंड.

"देवाची हायत काय गं गाणी?" मी विचारलं.

"न्हाय आत्ती, नाचायची. हॅपी हार्डकोअर म्हणतात."

मी मान हलवली. काही कळलं नाही की मी मानच हलवत असे, त्यामुळं लोकांना मी फार समजूतदार वाटायची.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात मिरच्यांची देठं काढत बसले होते. मागांच्या आवाजाकडं आमचं लक्ष नसतं. लक्ष जातं ते आवाज बदलला की. भाकरी थापता थापता मला कळायचं, कुठल्या मागाचा सूत नेणारा धोटा अडलाय. त्या दुपारी बारांच्या जोडीला तेरावाच आवाज आला. माग मोकाट सुटावा तशी दुप्पट वेगानं धडधड, आणि तिच्यात एका बाईची बारीक किंकाळी. मागात पदर अडकलेली सून माझ्या डोळ्यांपुढं आली. मी धावले आणि मेन स्विच खाली ओढला.

माग थांबले. किंकाळीही थांबली. कामगार बाहेर आले. आणि आपल्या खोलीतून धडधाकट सून आली. "आत्ती, लाईट गेली काय?"

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण बारा माणसं बघत होती ना! मी सगळ्यांसमोर तिच्यावरच ओरडले. "बाई गातीय का कापली जातीय तिथं? आमच्यात असलं चालत न्हाय!" मागांवरच्या साड्यांत थांबल्याच्या आडव्या रेघा उमटल्या, त्याही तिच्याच माथी मारल्या.

ती दुसऱ्या दिवशी चार दिवसांसाठी म्हणून माहेरी गेली. चाराचे पंधरा झाले. पोरगा म्हणाला, "ती आली न्हाय तर मी बी निपाणीलाच ऱ्हायला जातो." हे म्हणाले, "तू घालवलीस, तूच आण."

निपाणीत विहीणबाई अंगणात दोघी शेजारणींसोबत विड्या वळत बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. सूनही पानं कापत होती. आणि मधोमध सीडीच्या टेपवर तीच धडधड, तीच किंकाळी! कुणाचाच हात थांबत नव्हता. ह्यांना ऐकू येत नाही, की मलाच जास्त ऐकू येतंय?

"बसा आक्का," विहीणबाई म्हणाल्या. "हे लावलं की हात लई चालतोय बघा."

"पण म्हणतीय काय ती?"

"कुणाला ठावं! खुशीत हाय एवढं खरं."

मी सुनेला म्हटलं, "चल गं घरी."

तिनं मान वर केली नाही. "हे गाणं झालं की बोलू, आत्ती."

आमच्यात भजनातून मध्येच कुणी उठत नाही, बोलतही नाही. मी बसले. धडधड कमी झाली, बाई एकटीच हळू गायला लागली, मी पिशवी काखेत मारली. तर पुन्हा धडधड. असं किती वेळा झालं देव जाणे. एक गाणं कुठं संपतं आणि दुसरं कुठं लागतं, काही पत्ता नाही. शेजारणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. का, ते कळेना. माझी बेळगावची गाडी गेली.

तासाभरानं एकदाचं शांत झालं.

"झालं गाणं?"

"सीडी झाली. वीस गाणी हुती."

"मला एकच वाटलं गं."

ती हसली. माझ्यासमोर पहिल्यांदाच. "थट्टा केलती आत्ती. म्हटलं, वैतागून उठून जाशीला."

"मधनंच कसं उठायचं? बरं दिसतं व्हय?"

तिचं हसू गेलं. "आणि मला कामगारांसमोर बोललासा, ते बरं दिसलं?"

"चुकलं गं. मागात तुझा पदर गावला असं वाटलं. जीवच गेला माझा."

"मग तवाच का सांगितलं न्हाईसा?"

मी नेहमीसारखी मान हलवली. ती उठून आत गेली. रागानं गेली, रडायला गेली, की चहा ठेवायला? मी विहीणबाईंच्या तोंडाकडं बघितलं, तर त्यांचं लक्ष विडीत.

थोड्या वेळानं ती बॅग घेऊन बाहेर आली. मी विचारलं, "कुठं चाललीस गं?"

विहीणबाईंनी हातातली विडी सुपात टाकली. "आता काय म्हणावं ह्या बाईला! तुमच्याच घरी की हो!"