फोन चांगलाच होता

"मी तं मोठ्यानंच बोलून राह्यलो, पोरी. तुमचेच कान गेले!" असं म्हणत काका हात कानामागे धरायचे. कंपवातानं तो हात तिथंही थरथरायचा.

अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्या गल्लीच्या टोकाला ते एकटेच राहायचे. उभा जन्म एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेलेला. त्यांनी तेल्हाऱ्याची गाडी पुकारली की बाहेर चहा पिणारा माणूस कप तसाच ठेवून पळायचा, असं जुने लोक सांगतात. मला आठवते ती मात्र त्या आवाजाची कुजबुज.

तुमच्याही गल्लीत असं कुणीतरी असेल. त्यांचे ओठ हलतात, ऐकू काही येत नाही आणि आपण "हो, हो" करत पुढं सटकतो. मीही सटकायची. एकदा ते काहीतरी म्हणाले आणि मी हसून "वा, छान!" म्हटलं. बायकोचं वर्षश्राद्ध आहे, असं सांगत होते ते. नंतर शेजारणीकडून कळलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांचा मुलगा पुण्यात. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "बाबा, आवाज येत नाही," म्हणून तो ठेवून द्यायचा. हे रेंज शोधत गच्चीवर चढायचे. सिम बदललं, मग फोन बदलला, असे तीन फोन झाले. शेवटी मुलगा नुसते मेसेज धाडू लागला. "मले टाइप नाई करता येत," ते मला म्हणाले. "बोट एका जागी राह्यते काय?"

मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांना आमच्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात पाठवलं. तिथं रेकॉर्डिंगचं काम माझ्याकडे. कॉलरला माइक लावला, डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घशात उतरवली आणि पडद्यावर त्यांचं स्वरयंत्र दिसू लागलं.

"काका, ई म्हणा."

दोन पांढऱ्या पट्ट्या जवळ आल्या, पण एकमेकींना भिडल्याच नाहीत. फुगलेलं दार लोटलं तरी फट राहावी, तसं.

"आता घरी बोलता तसं काहीही बोला," डॉक्टर म्हणाले. काका बोलले. आम्हाला नुसता श्वास ऐकू आला.

मग डॉक्टरांनी त्यांना चित्र दाखवलं. कंपवातात या पट्ट्या नीट मिटत नाहीत, हवा वाया जाते आणि बोलणाऱ्याला मात्र आपण मोठ्यानंच बोलतोय असं वाटतं. व्यायामानं थोडा फरक पडेल, असं समजावलं. काका त्या फटीकडे बघत राहिले.

"म्हणजे फोन चांगलाच होता," ते म्हणाले. थोड्या वेळानं मला जवळ बोलावलं. "हे पोराले धाडशीन काय? त्याले सांग, बाप गप नव्हता."

"उद्या धाडते," मी म्हणाले. उद्या, परवा करत दहा दिवस गेले. त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते गेले. याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तेरवी झाल्यावर मुलाला दवाखान्यात बोलावलं. हेडफोन दिला, आवाज पूर्ण वाढवला. पडद्यावर त्या पट्ट्या हलू लागल्या. त्या दिवशी आम्हाला ऐकू न आलेलं माइकनं पकडलं होतं. "मी बरा आहो. तू जेवला काय?"

त्यानं ते पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा लावल्यावर तो पडद्याकडे झुकला.

"आवाज येऊन राह्यला, बाबा," तो म्हणाला. "बोला."