हेल्मेटातला तरवडाचा पाला

मे महिना, नगरजवळची फायरिंग रेंज. मी हवालदार, सेक्शन कमांडर. पारनेरचा माणूस, ऊन मला काय शिकवणार, असा माझा तोरा!

रेंजवर हिरवं म्हणाल तर एकच, तरवड. कमरेएवढं झुडूप. मुरमाड माळावर बिनपाण्याचं बारा महिने हिरवं राहतं. शेळी त्याला तोंड लावत नाही. सालीनं कातडं कमावतात, काडीनं दात घासतात. पिवळी फुलं नवरात्रात घटाच्या माळेला लागतात.

सकाळी साडेपाचला इन्स्पेक्शन. नाईक दशरथच्या हेल्मेटात तरवडाचा पाला निघाला. दशरथ संगमनेरच्या पठारावरचा, मेंढपाळाच्या घरचा.

"हे काय रे? बाशिंग बांधून आलास का?"

"डोकं थंड ऱ्हातं, उस्ताद. आमचा आज्जा बी घालायचा."

"फेक."

त्यानं फेकला.

अकरा वाजता रूट मार्च संपता संपता आमचा केरळचा जवान थॉमस कोसळला. अंग तव्यासारखं, घाम बंद, तोंडानं बरळणं चालू. मी रेडिओवर कंट्रोलला हाक दिली.

"टायगर, एक जवान हीट स्ट्रोक. अॅम्ब्युलन्स भेजो. ओव्हर."

"गाडी ओढ्याच्या वाळूत रुतली. चाळीस मिनट. ओव्हर."

चाळीस मिनिटांत माणूस हातचा जातो. सावली कुठंच नव्हती. खोटं कशाला बोलू, मला काही सुचेना. दशरथनं न विचारता बायोनेट काढलं. तरवडाच्या फांद्या तोडून तापल्या मुरमावर अंथरल्या, थॉमसला त्यावर निजवलं आणि वर दोन झुडपांना ग्राउंडशीट ताणून बांधली.

"समद्यांनी बाटल्या काढा! पानी त्याच्या अंगावर वता. फांद्या घ्या, वारा घाला!"

मीही वारा घातला. हुकूम त्याचा होता. गाडी आली तेव्हा थॉमस आपलं नाव सांगत होता. डॉक्टर म्हणाले, ओल्या अंगाला वारा मिळाला म्हणून वाचला.

संध्याकाळी फॉल-इनच्या रांगेपुढं, सगळ्यांसमोर मी म्हणालो, "दशरथ, चूक माझी. उद्यापासून पाला घाल."

"तुमी बी घाला, उस्ताद."

मी नाही घातला. आमचा ताठा! ते मला अजून सलतं.

पुढच्या हिवाळ्यात सीमेवरच्या पोस्टवर बर्फाचा कडा कोसळला. दशरथ त्याखाली गेला.

दर नवरात्रात मी त्याच्या गावी जातो. यंदा थॉमसही आला. शाळेपुढे दशरथचा अर्धपुतळा आहे. मी तरवडाच्या फुलांची माळ उचलली, तशी त्याची आई म्हणाली, "फुलं देवीला ऱ्हाऊ दे, बाबा. त्याला पाला ठिव. दिसभर उन्हात हाय त्यो."

मी पुतळ्याच्या डोक्यावर पाला ठेवला. थॉमसनं सॅल्यूट केला. मूठभर पाला उरला होता, तो मी माझ्या टोपीत घातला.