गालांवरून हात

माझ्या मुलीला तिसरा महिना लागला आणि तिच्या दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले. आधी वाटलं, डास चावले असतील. मग चट्टे ओलसर झाले, त्यांवर पिवळट खपली धरली, आणि खपली सुटली की खाली नुसतं सोललेलं दिसायचं. तेव्हा मी अमरावतीला माहेरी होते. त्वचेच्या डॉक्टरांनी इसब आहे असं सांगितलं. कोमट पाण्याने झटपट अंघोळ, अंग पुसायचं नाही, टिपायचं, ओल असतानाच मलम लावायचं. फारच पेटलं तर दुसरी ट्यूब, थोडेच दिवस, पातळ. डाळीचं पीठ, हळद, साय सगळं बंद. आणि गालांना कुणाचे हात लागू द्यायचे नाहीत.

"बरं कधी होईल?" मी विचारलं.

"मोठी झाली की बहुतेक जाईल," ते म्हणाले.

त्या 'बहुतेक'वर मी बरेच महिने काढले.

माहेरी मम्मी आणि मी दोघीच असायचो. नियम पाळणं सोपं होतं. गाल पुरते बरे कधीच झाले नाहीत, पण एखाद्या सकाळी नुसते गुलाबी दिसायचे आणि तेवढ्यावर माझा दिवस जायचा. मग थंडी सुरू झाली आणि आम्ही अकोल्याला सासरी आलो.

सासरी फुलांचा धंदा. बाळापूरच्या रस्त्याला झेंडू आणि शेवंतीचा मळा आहे, आणि घराच्या ओसरीत पहाटेपासून हार ओवायला बायका बसतात. आमच्याकडे बाळ दिसलं की बाई आधी त्याच्या गालांवरून दोन्ही हात उतरवते, मग ते हात आपल्या कानशिलांवर टेकवून बोटं कडाकडा मोडते. जितकी बोटं वाजतील तितकी नजर उतरली. येणारी प्रत्येक बाई हे करायची. झेंडू तोडून हिरवेकाळे झालेले हात, मिरच्या खुडलेले हात, तंबाखू मळलेले हात. त्यांत माया होती हे मला दिसत होतं. म्हणूनच काही म्हणता येत नव्हतं. मी इंग्लिश शाळेत शिकले. मराठी मला येतं, पण मराठीत कुणाला अडवता येत नाही. माझ्या तोंडून साधी विनंतीसुद्धा हुकूम सोडल्यासारखी निघते, असं नवरा म्हणतो. मी मुलीला उचलून आत न्यायचे, झोपायची वेळ झाली म्हणायचे. ती टक्क जागी असायची.

बायकांची निदानं चालूच असायची.

"पोटात असताना वांगे खाल्ले असन इनं."

"अमरावतीचं पाणीच जड, माय."

"पोरीची जात हाय. डाग राह्यले तं कसं व्हईन?"

सासूबाई त्यांना गप्प करायच्या, पण मला एकटीला गाठून म्हणायच्या, "कणकेचा गोळा फिरोला असता तोंडावर, तं कवाचं निंगालं असतं थे. तुमच्या डॉक्टरले काय मालूम?"

माझी मुलगी कुणाच्याही खांद्यावर गाल घासायची. बायकांना वाटायचं, लाडात आली. तिला खाज सुटलेली असायची.

संक्रांतीनंतर तिचं बोरन्हाण ठरलं. सासूबाईंनी काळं झबलं शिवून घेतलं, हलव्याचे दागिने घरीच केले. मुकुटाचे दोरे हनुवटीखाली बांधायचे असतात आणि हलव्याला काटे असतात. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "गालाले लागनार नाई. मी लुगड्याचं जुनं फडकं लावलं आतून." खरंच लावलं होतं. मला वाटलं, आजचा दिवस निभेल.

दुपारी बैठकीत बायका जमल्या. मुलीला पाटावर घेऊन मी बसले. काळ्या झबल्यावर तिच्या गालांचे पांढरे पापुद्रे भुरभुरत होते, ते मी बोटाने झटकत होते. सासूबाईंनी ओवाळलं, आणि ओवाळून झाल्यावर सवयीने दोन्ही हात तिच्या गालांवरून उतरवले. मुलगी कळवळली. मागून शेजारची काकू पुढे आली, बोटं तिळगुळाने चिकट. तिच्यामागे आणखी बायका.

"हात लावू नका तिला," मी म्हणाले. "कुणीच लावू नका."

आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. काकूचे हात हवेतच राहिले.

"काऊन वं? आमी काय रोगी हाव?"

"कान्वेंटची सून हाय बाप्पा," मागून कुणीतरी म्हणालं. "हात धुवून लाइनीत या म्हनन आता."

बायका हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी आपले हात पदराखाली घेतले. मग सगळ्यांनी लांबूनच बोरं आणि चुरमुरे टाकले, मुलांनी वेचले, वाण घेऊन बायका गेल्या. संध्याकाळी मुकुट सोडला तर उजवा गाल पाझरत होता. मुकुटाने झालं, हातांनी झालं की नुसत्या थंडीने, कोण सांगणार? मी मलम लावत होते. सासूबाई दारातून बघत होत्या, आत आल्या नाहीत.

तेव्हापासून तिला कुणी हात लावत नाही. मला हवं होतं तेच झालं आहे. ओसरीतल्या बायका तिच्याकडे बघून हसतात आणि हार ओवत राहतात. सासूबाई मळ्यातून आल्या की साबणाने कोपरापर्यंत हात धुतात, आणि तरीही विचारतात, "घेऊ का?" घेतात तेव्हा तिची पाठ आपल्याकडे करून, तोंड बाहेर, जपून, दुसऱ्याची वस्तू धरावी तसं.

गाल तसेच आहेत. थोडे दिवस उतरतात, पुन्हा पेटतात. अमरावतीचे डॉक्टर फोनवर तेच सांगतात, आणि मी तेच करते. चुकलं कुठे हे शोधायला आता काही उरलेलं नाही.

काल सासूबाईंनी तिला घेतलं होतं. ती मान वळवून, सगळं अंग पिळून मागे जायला बघत होती, त्यांच्या खांद्यापर्यंत. गाल पोचत नव्हता. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"घे वं तुयी पोरगी," त्या म्हणाल्या, आणि तिला माझ्या हातात दिलं. आल्याबरोबर तिने माझ्या खांद्यावर गाल घासायला सुरुवात केली.