गुरूजवळून गेलेलं यान
हरभऱ्याचा हुळा भाजल्याचा वास आला की मला देऊळगाव राजाला आमच्या घरी झालेली ती बैठक आठवते. थोरल्या बहिणीची सोयरीक जुळत आली होती. आधीची दोन स्थळं तिला गुरुबळ नाही म्हणून परत गेली होती. यंदा ते होतं आणि सुपारी फोडायचीच काय ती बाकी होती. एवढ्यात मुलाच्या काकांनी फेटा सावरला, घसा खाकरला आणि जाहीर केलं की अमेरिकेचं यान नुकतंच गुरू ग्रहाजवळून गेलं, हे त्यांनी स्वतः रेडिओवर ऐकलं आहे. "गुरूले धक्का लागला असंल. त्याच्या बळाचा आता काय भरवसा? वरीसभर थांबू." विज्ञान आणि ज्योतिष एकाच खांद्यावर वाहणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पण माना सगळ्यांनी डोलावल्या. वडिलांच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला आणि आतल्या खोलीतला बांगड्यांचा आवाज थांबला. तेव्हा मुलाची आत्या, म्हणजे या काकांची थोरली बहीण, तळव्यावर हुळा चोळत म्हणाली, "काऊन रे, आपल्या दारावरून रोज यष्टी जाते. तू हालला का कधी बाजेवरून?" आधी मुलगाच हसला, मग सगळी बैठक. शेवटी काकांनाही हसावं लागलं, आणि सुपारी फुटली. वडिलांनी सोडलेला श्वास मला उंबऱ्यापाशी ऐकू आला. परवा मी बहिणीला सांगितलं की त्यानंतर गुरूकडे कितीतरी यानं गेली. नातवाला भरवता भरवता ती म्हणाली, "बरं झालं माय, तवा एकच गेलतं."